नखीवर आळ

मी नखी बोलतेय. अंगठ्यावर चढवून विड्याची पानं खुडतात ना, तीच लोखंडी नखी. वसईच्या लोहाराने मला घडवलं आणि तिथल्याच होळी गावच्या गंगारामभाऊंच्या अंगठ्यावर मी हयात घालवली. देठ खुडावा तर मीच!

एका वर्षी भाऊंच्या वाडीतल्या पानवेलींना मर लागली. हिरव्यागार वेली बुंध्याशी कुजून माना टाकू लागल्या. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं देवाचा कोप. भाऊंची लेक चंद्रकांता मुंबईच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. सुट्टीत आली, वाडी पाहिली आणि थेट माझ्यावरच घसरली.

"बाबा, ही नखी रोगी वेल खुडते आणि तशीच चांगल्या वेलीला लागते. हीच रोग पसरवत असेल."

"बाय, तिने खुडलेल्या पानांवर तू शिकलीस. तिला बोल लावतेस?"

मला तर असा राग आला! चोर सोडून संन्याशाला फाशी! पण ती मला रुमालात बांधून कॉलेजात घेऊन गेली. तिथले प्राध्यापक माझ्याकडे खुनी असल्यासारखे बघत. मी कशाला भिऊ?

चंद्रकांताने निरोगी वेली कुंड्यांत लावल्या. काही वेली रोगी पान खुडलेल्या माझ्याच धारेने खुडल्या. काहींना मला शिवू दिलं नाही, पण मर जिथून सुरू झाली त्या आमच्या वाडीतल्या थोरल्या वाफ्यातून वाहून आलेलं पाणी आणून घातलं. माझ्या वेली टवटवीत राहिल्या. त्या पाण्याच्या वेली मेल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या मुळांत बुरशीचे धागे दिसले. तिचा निबंध परिषदेत वाचला गेला, विभागप्रमुखांनी पेढे वाटले. निर्दोष सुटले मी, पण पेढा मला कुणी दिला नाही!

खरी परीक्षा घरी होती. थोरला वाफा भाऊंच्या वडिलांनी लावलेला. पहिलं पाणी त्याला, मग तेच वाहत धाकट्या वाफ्यांना, ही घरची रीत.

"बाबा, रोग तिथेच आहे. त्याचं पाणी तोडा."

"माझ्या बापाच्या वेली तहानेने मारू?"

चंद्रकांताचे डोळे भरून आले. "त्या जगणार नाहीत, बाबा. बाकीच्या जगतील."

भाऊ बांधावर बसून राहिले. मग उठले, थोरल्या वाफ्याला हात जोडले आणि कुदळीने त्याचं तोंड बुजवून पाट धाकट्यांकडे वळवला. मला फार भरून आलं.

आता मी झिजलेय, पण वाडी डोलतेय. एकच मागणं आहे. आळ घ्यायचा तर खुशाल घ्या, पण चंद्रकांतासारखा तपास करून घ्या. आणि तो तपास आपल्याच दारात येऊन थांबला, तर भाऊंसारखे उठा.