सायलेन्सर निघेना

ट्रकच्या पुढच्या चाकासमोर रिकामं क्रेट उपडं घालून आई सकाळपासून बसली होती.

"ज्यानं माझं माणूस खाल्लं ते नळकांडं खाली पडल्याशिवाय हे चाक हलायचं नाही. घाई असेल तर न्या माझ्या अंगावरून."

"अंगावरून न्यायला तरी गाडी चालू करावी लागेल ना, आई," ट्रकखालून थोरला म्हणाला.

नऊ दिवसांपूर्वी बाप रस्त्याकडेला थांबून, थंडी वाजते म्हणून काचा वर करून, इंजिन चालू ठेवून जरा आडवा झाला. उठलाच नाही. सायलेन्सरचा धूर केबिनमध्ये भरला होता. झोपेतच गेले, त्रास झाला नाही, असं डॉक्टर म्हणाले. बापाला जन्मात पहिल्यांदाच कशाचा तरी त्रास झाला नाही, असं धाकट्याच्या मनात आलं आणि त्याला हसू आलं. त्या हसण्याची लाज तो अजून वागवत होता.

मयत झालं म्हणून टोमॅटो पिकायचे थांबत नाहीत. सगळं रान तोडून ट्रकमध्ये भरलं होतं आणि आता फळ्यांतून रस गळत होता. दुपारपर्यंत बाजार गाठला नाही तर गुरंही तोंड लावणार नव्हती. वर्षाचं पीक होतं.

नवा सायलेन्सर नव्या जावयासारखा भिंतीला टेकून उभा होता. जुना जागा सोडीना. डिझेल ओतून झालं. पान्याला लांब पाइप जोडून दोघं लोंबकळले, तर पानाच वाकला.

शेजारचा कोंबडीवाला उकिडवा बसून सल्ले देत होता. "तापवा. तापलं की लोखंड सैल पडतं."

"काका, शेजारी डिझेलची टाकी आहे."

"मग गार करा."

शेवटी छिन्नीनं सगळे नट तोडले, पट्टे सोडले. तरी सायलेन्सर वरच! हत्ती गेला आणि शेपूट राहिलं.

"आता कशाला धरून बसलाय हा?" थोरल्यानं जोडावरची काजळी खरवडली. "बॅटरीचा उजेड आण जवळ. इथं दगड आहे रे."

धाकट्याला माहीत होतं, तो दगड नव्हता. बापाची रीतच होती, गळेल त्याला सिमेंट. छप्पर, हौद, बादली, एकदा तर चपलेचा तळ. दोन महिन्यांपूर्वी सायलेन्सर धूर ओकायला लागला, तेव्हा बाप म्हणाला होता, "तू अंगानं बारीक आहेस, घुस खाली." धाकटा घुसला. हात पोचला तेवढं लिंपलं. वरची, केबिनकडची बाजू राहिली. "झालं का?" बापानं विचारलं. "झालं," तो म्हणाला. खालून जाणारा धूर तेव्हापासून वर जायला लागला.

काजळी निघाली तसा सिमेंटवर चार बोटांचा ठसा दिसला. त्यातलं मधलं बोट अर्धंच. चारा कापायच्या यंत्रानं अर्धं नेलेलं बोट घरात एकाचंच होतं.

थोरल्यानं ठशाकडे बघितलं. मग बॅटरी धरलेल्या हाताकडे.

"वर का नाही लावलंस?"

"हात पुरला नाही."

"मग तसं सांगायचंस."

"जेवण निवत होतं."

वर ट्रकमधून टोमॅटोचा रस टपटपत होता.

"काय सापडलं रे?" आईनं वाकून विचारलं.

"गंज आहे, आई. लांब हो, तुकडे उडतील."

त्यानं छिन्नी बरोबर त्या अर्ध्या बोटावर ठेवली आणि घाव घातला. खपल्या धाकट्याच्या तोंडावर पडल्या. त्यानं पुसल्या नाहीत. चौथ्या घावाला सायलेन्सर दोघांच्या मधे मातीत आदळला.

तो बाहेर ओढल्यावर आईनं बराच वेळ बघितला.

"एवढासा?" ती म्हणाली. आणि क्रेट उचलून बाजूला झाली.

नवा सायलेन्सर बसला. थोरल्यानं किल्ली धाकट्याच्या हातात दिली आणि स्वतः शेजारी चढला. गाव मागं पडलं.

"दादा, आईला मी..."

"समोर बघ," थोरला म्हणाला. "खड्डा आहे."