सात ठिकाणची टेप

आमच्या घरातलं कुणी परगावाहून परत यायचं असलं की बाबा खिडकीच्या गजांना दिव्यांची माळ लावत. "टॅक्सीवाल्याला सांगायचं, दिवे दिसतील तिथे थांब," हे त्यांचं कारण. आमची खिडकी तिसऱ्या मजल्यावर. गाडी चालवताना तिसऱ्या मजल्याकडे बघणाऱ्याच्या टॅक्सीत मी तरी बसले नसते.

बाबा गेल्यावर आई तीन महिने माझ्या धाकट्या भावाकडे होती. आज संध्याकाळी सहाला ती परत येणार होती, आणि माळ लावायला बाबा नव्हते. तिने खालून वर पाहिलं तर खिडकी अंधारी दिसता कामा नये, एवढंच माझं म्हणणं होतं.

सकाळी माळ लावून पाहिली तर मधला एक तृतीयांश भाग बंद. मी वाचायला बसले. जे जे मला आलं नाही ते मी आधी वाचून काढलेलं आहे. पोहण्यावर माझ्याकडे दोन पुस्तकं आहेत. तासाभरात कळलं की माळेत वीस-वीस दिव्यांचे तुकडे असतात, तुकड्यातला एक दिवा गेला की अख्खा तुकडा जातो, आणि दुरुस्तीआधी माळ स्वच्छ करावी.

ते मी मन लावून केलं. माळ साठ दिव्यांची. मोजले तर त्रेपन्न भरले. इथेच मला खटकायला हवं होतं. तारेवर सात ठिकाणी काळी टेप गुंडाळलेली होती, जुनाट, धूळ धरलेली. बाबांना नीटनेटकेपणाचं वावडं होतंच. मी सातही टेपा सोलल्या, कोरड्या फडक्याने तार पुसली आणि प्लग लावला.

आता सगळेच बंद.

तेवढ्यात भावाचा फोन. "आई गाडीत बसली. तू काय करतेयस?"

"माळ दुरुस्त."

"ताई, मागे तू फ्यूज बदललास तेव्हा शेजारच्या काकूंचा फ्रिज गेला होता."

"तो आधीपासूनच आजारी होता."

"नवीन आण ना गं."

"नको."

"बरं. मग आईला सांगतो, जिन्यात बॅटरी लावून चढ."

मी फोन ठेवला आणि माळ पिशवीत घालून समोरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले. तिथल्या वायरमनने ती काउंटरवर पसरली.

"हे कोणी सोललं?"

"मी."

"का?"

"चिकट होतं."

त्याने चष्मा कपाळावर चढवला. "अहो ताई, या दुरुस्त्या होत्या. दिवा गेला की कापून टाकायचा, दोन टोकं एकमेकांत पिळायची, वरून टेप. टेप ओढलीत तसा पीळ सुटला. सातही ठिकाणी ओढलीत?"

"काम हातात घेतलं की मी अर्धवट सोडत नाही."

"ते दिसतंय."

"असे दिवे कमी करत गेलं तर चालतं?"

"चालतं. पण उरलेल्यांवर ताण येतो. ते जास्त उजळतात आणि लवकर जातात."

या वाक्यातून एक उपमा माझ्या दिशेने चालत येताना मला स्पष्ट दिसली. मी टेपचं रीळ घेतलं आणि रस्ता ओलांडला.

बाबांची कित्येक वर्षांची कामं मी दहा मिनिटांत उपटली होती. परत करायला दुपार गेली. ते टेप कशी गुंडाळत ते बघायला मी सोललेल्या टेपा कचऱ्याच्या डब्यातून काढल्या. आतल्या बाजूला बोटांचे ठसे राहतात, हे कुठे वाचलेलं नव्हतं. त्या टेपा आता कशाला चिकटत नव्हत्या. मी त्या कुठे ठेवल्या ते सांगणार नाही. पुस्तकात खुणेला काळी टेप घालणाऱ्या बाईला लोक हसतात.

पावणेसहाला दोन्ही टोकांचे तुकडे लागले. मधला तुकडा तसाच काळा. त्यातला गेलेला दिवा काही सापडला नाही.

सव्वासहाला आई धापा टाकत वर आली. बॅग खाली ठेवून तिने खिडकीकडे पाहिलं.

"मधलं बंद आहे."

"हो. तो एक दिवा सापडेना."

"यांना तरी पहिल्या दिवशी कुठे सापडायचा!" चपला न काढताच ती खिडकीशी गेली, कोपऱ्यातली कुंडी उचलून तिने बंद तुकड्यापुढे ठेवली, पानं जरा पसरली. "असं झाकायचे. मला खालून सगळं दिसायचं. मी बोलायची नाही."

"आज दिसलं? खालून?"

"दिसलं की. टॅक्सीवाल्याला म्हटलं, ते दिवे आहेत ना, तिथे थांब."

"मग?"

"त्याने मान वर केली आणि गेला पुढच्या फाटकाशी. बॅग ओढत मागे आले मी." ती खुर्चीवर बसली, पदराने डोळे टिपले, मग प्लग काढून, चष्मा लावून माळेचा मधला तुकडा हातात घेतला. टेबलावर मी छापून ठेवलेल्या कागदांचा गठ्ठा होता. तो तिने कोपराने बाजूला सारला.

"कात्री आण," ती म्हणाली. "आणि वाचत बसू नकोस."