टोरीचं तेल

मारोतरावांनी पाणी ओढायचं इंजिन घमेल्यात आणलं, तरी चंद्रकला हसली नाही. तिने घमेल्याकडे पाहिलं, मारोतरावांकडे पाहिलं आणि बसायला गोणपाट पुढे सरकवलं.

"बसा मामाजी. सांगा."

"सांगाचं काय? बंद पडलं."

"बंद पडलेलं इंजिन हँडलले धरून आनते मानूस. घमेल्यात येते ते उघडलेलं. कोनं उघडलं?"

मारोतराव रस्त्याकडे पाहत म्हणाले, "पोरं नसतात का बाप्पा घरी."

"तुमच्या घरी पोरगी हाय एक, ते बाळंतपनाले आली हाय. तिनं उघडलं का?"

आता मी हसलो, आणि लगेच गप्प झालो. माझा फवारणीचा पंप नंबरात होता. त्याच्या नळीला मी सायकलची ट्यूब गुंडाळली होती, आणि तेही मला सांगायचंच होतं.

आंधळगावात चंद्रकलेच्या दुरुस्तीच्या दुकानाची ही रीत आहे. मालकाने आपल्या हाताने जे जे केलं ते पहिल्यापासून सांगायचं, मगच ती पाना उचलते. लोक याला कबुली म्हणतात. तिच्या बापाची पिठाची चक्की होती. डिझेल इंजिनाच्या धुरातच ती वाढली, आणि बापाने तिला एवढंच बजावलं होतं, की बिघाड शोधायला घटका लागते, मालकाने काय लपवलं ते शोधायला दिवस जातो.

मारोतरावांकडे दिवस नव्हता. गावाबाहेरच्या बोडीचं, म्हणजे छोट्या तळ्याचं, पाणी चार घरं पाळीनं घेतात. आज मारोतरावांची पाळी, दिवस मावळेपर्यंत. उद्या देवाजीची. आजची हुकली की एकदम पाचव्या दिवशी. उन्हाळी धानाच्या रोपांसाठी पऱ्हे त्यांनी टाकले होते, आणि पऱ्ह्यांच्या वाफ्याला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. शेंडे पिवळे झाले होते. पाचव्या दिवशी पाणी आलं असतं, पऱ्हे उरले नसते.

मला राग मारोतरावांचा येत नाही. राग येतो इंजिनाच्या खोक्यातल्या पुस्तकाचा. पाच भाषांत छापलंय, त्यात मराठीची एक ओळ नाही. विकताना दुकानदार आपल्याच बोलीत गोडगोड बोलतो, गळ्यात हार घालून फोटो काढतो, आणि बिघडल्यावर पुस्तक वाचा म्हणतो. मग माणूस मोबाइलवर व्हिडिओ पाहतो. व्हिडिओतलं इंजिन भलतंच असतं. अर्ध्यात नेटवर्क जातं, आणि तो उघड्या इंजिनासमोर पाना धरून बसतो, सत्यनारायणाला बसल्यासारखा.

"बरं, चालू कराची दोरी काहून तुटली?" चंद्रकलेने विचारलं.

"ओढली."

"किती जनांनं?"

"मी आन देवाजी."

"दोघांनं? इंजिन चालू कराचं होतं का बैल बसला होता चिखलात?"

"जाम होतं ना बाई. सकायपासून जाम. मंग मी दुसरी दोरी लावली."

तिने झाकण काढलं. आत म्हशीचं दावं होतं, गाठीसकट. तिने ते दोन बोटांनी बाहेर ओढलं आणि मारोतरावांच्या मांडीवर ठेवलं.

"म्हैस कोठी हाय आता?"

"सुटली असन," मारोतराव हळूच म्हणाले.

दोरी बदलेपर्यंत तिने कार्बोरेटरची कबुली घेतली. बारीक भोकात बाभळीचा काटा घालून साफ केलं होतं. काटा आत, टोक मोडलेलं. ते तिने तारेने काढलं आणि उजेडात धरलं. "कोनाच्या पायातून निंगते काटा, तुमच्या इंजिनातून निंगला. लंगडनच ते."

तोंड चालू, हातही चालू. माझ्या मोबाइलमध्ये एक वाजला होता. मग तिने तेल पाहायची काडी ओढली, आणि तिचं तोंड थांबलं. काडीला तेल नव्हतं. पांढरट घट्ट काहीतरी होतं, थंडीत थिजलेल्या तुपासारखं. तिने ते चोळलं, हुंगलं, आणि फडक्याला पुसलं.

"तेल कोनतं टाकलं?"

"इंजिनाचंच."

"कवा?"

"काल."

"नवीन डबा?"

"नवीनच."

चंद्रकलेने पाना खाली ठेवला. सुपात लाखोरीची डाळ होती, ती मांडीवर घेऊन खडे निवडायला लागली.

"काहून थांबली बाई? पाळी जाऊन राह्यली ना माही."

"मामाजी, आयका. काय टाकलं ते मले समजलं. माह्या घरीबी हाय ते. पन ते टाकल्यावर इंजिन चाललं का नाही, हे काडी नाही सांगत. चाललं असन तर आत घासलं असन. मंग पुरं खोलाव लागते, आन त्याले उद्याची सांज. चाललं नसन तर घंट्याभरात देतो. खरं सांगा. तुमी सांगान तसं करतो."

मारोतरावांनी तोंड उघडलं. तेवढ्यात रस्त्याने ललिताबाई येताना दिसल्या. कपड्यात बांधलेला डबा हातात, पदर कमरेला खोचलेला. नवरा सकाळपासून उपाशी म्हणून आल्या होत्या बिचाऱ्या. मारोतरावांनी तोंड मिटलं.

"झालं का हो?" ललिताबाईंनी विचारलं.

"मामाजी सांगूनच राह्यले होते," चंद्रकला म्हणाली. "बसा मामीजी. आयका तुमीबी."

मारोतरावांनी म्हशीच्या दाव्याची गाठ सोडायला घेतली. ती सुटेना. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. पऱ्हे एकीकडे, बायको एकीकडे. सत्तरीला आलेला माणूस, सरपंचाला भर सभेत उभा करून जाब विचारणारा, आणि आता गोणपाटाचे धागे मोजत होता.

"टोरीचं," शेवटी ते म्हणाले.

"मोहाच्या टोरीचं?" ललिताबाई.

"हो."

"कोनतं? फडताळातलं? बरनीतलं?"

"हो."

ती बरणी गुड्डीसाठी होती. पोरीचं बाळंतपण माघात. जंगलातून मोहाच्या बिया ललिताबाईंनी स्वतः वेचल्या होत्या, फोडून वाळवल्या होत्या, घाण्यावरून तेल काढून आणलं होतं, पोरीच्या अंगाला चोळायला.

"मोहाडीच्या दुकानात तीनदा गेलो," मारोतराव सांगू लागले. "तेल आलं नाही म्हने. पाळी तर जवळ आली. म्हटलं, या तेलानं माहे गुडघे चालतात, इंजिन काहून नाही चालनार? चुलीवर पातळ केलं, काल सांजले टाकलं. सकायी उठून पायतो तर दोरी हालेना."

"म्हंजे टाकल्यावर चाललंच नाही?"

"एक डावबी नाही. पऱ्ह्यायची आन."

"मंग वाचलं," चंद्रकला म्हणाली आणि सूप बाजूला ठेवलं. "पुसाच्या थंडीत ते तेल थिजते मामाजी. थिजलं म्हनून तुमचं इंजिन वाचलं. पातळ राह्यलं असतं तर तुमी चालवलं असतं, आन मी आज त्याले भंगारात पाठवलं असतं."

तिने इंजिनाखाली उकळत्या पाण्याची परात ठेवली. तेल पाझरायला लागलं तसा दुकानभर वास सुटला. ते सगळं डब्यात काढून तिने आतून डिझेलने खळबळून घेतलं, मग खरं तेल भरलं. डबा ललिताबाईंपुढे धरला.

"हे घ्या मामीजी. काळं झालं थोडं."

त्यांनी डब्यात डोकावलं.

"राहू दे. गुड्डीच्या मालिशीले आता मी इंजिनच लावतो."

तिसऱ्या ओढीला इंजिन लागलं. अडीचच्या आत मी आणि मारोतरावांनी ते बोडीवर नेलं. ललिताबाई मागून पान्यांची पिशवी घेऊन आल्या. नळीने आधी हवा ओकली, मग चिखल, मग पाणी. भेगांमध्ये पाणी उतरताना चर्र असा आवाज होतो, तो मारोतराव वाफ्यापाशी उकिडवे बसून ऐकत राहिले. ऊन अजून कासराभर वर होतं, आणि वाफा अर्धा भिजला होता.

इंजिनाच्या धुराला मात्र टोरीच्या तेलात वडे तळल्याचा वास येत होता. पलीकडच्या बांधावरून देवाजी नाक वर करून आला. उद्याची पाळी त्याची, इंजिन हेच मागून नेणार.

"कोनाकडे पाव्हने आले जी?" त्याने विचारलं. मग इंजिनाजवळ कान नेला. "मारोतभाऊ, आवाज जरा भारी येऊन राह्यला. तो स्क्रू दिसते ना, तो थोडासा पिळला का मोकळं होते. पाना देजा बरं."

मारोतरावांचा हात सवयीने पिशवीकडे गेला.

पिशवीवर ललिताबाई बसल्या होत्या. पाय पसरून, ऐसपैस.

"देतो ना," त्या म्हणाल्या. "पयले कबुली सांगा देवाजी. सकायी दोरी कोनं कोनं ओढली?"

देवाजी हवामानाविषयी बोलायला लागला.