कप्तानाची बहीण

आमच्या दिग्दर्शकाच्या गाजलेल्या अंतराळपटाचा प्रीक्वल, म्हणजे त्याच्या आधीची गोष्ट, मी लिहीत होते. त्यात मी कप्तानाला एक धाकटी बहीण दिली. यानाचं इंजिन उघडून बसणारी, भावाला तोंडावर मूर्ख म्हणणारी. अख्ख्या पटकथेत तेवढं एकच माणूस जिवंत वाटत होतं.

"झकास जमलीय," दिग्दर्शक म्हणाला. "पण शेवटी तिला मारावं लागेल. मूळ सिनेमात कप्तान तिचं नावसुद्धा काढत नाही."

माझं डोकंच फिरलं. प्रीक्वल म्हटला की नेहमीचंच हे. पुढे जो दिसत नाही त्याला उडवा, की सुटलो!

"अरे, नाव काढत नाही म्हणजे ती मेलीच का?" मी म्हटलं. "भांडण झालं असेल. एकमेकांचं तोंड बघत नसतील."

"सख्खी बहीण जिवंत असताना माणूस तिच्याबद्दल चकार शब्द काढणार नाही? कुणाला तरी पटेल का हे?"

इतक्यात रखवालदार दारात आला. "साहेब, खाली एक बाई आल्यात. तुमची बहीण आहे म्हणतात. आई गेल्याचं सांगायला आल्यात."

मी बघतच राहिले. इतकी वर्षं याच्याबरोबर काम करतेय, पण बहिणीचा विषय कधी निघालाच नव्हता.

दिग्दर्शकाने खिडकीतून खाली पाहिलं आणि पडदा ओढून घेतला.

"सांग, साहेब बाहेरगावी गेलेत."

रखवालदार गेला. मग खुर्ची सरकवून दिग्दर्शक माझ्यासमोर बसला.

"हं. तर मग स्फोटात मारूया का तिला?"