गोजरबाईंच्या सहाणेवरची गोळी

मी एक जुनी सहाण आहे. मित्रांनो, तुम्ही माझ्यासारखीला देवघरात चंदनाच्या खोडाशेजारी पाहिलं असेल. माझं घर मात्र पिंपळगाव राजातल्या गोजरबाईंच्या स्वयंपाकघरातला कोनाडा. पाथरवटानं मला काळ्या दगडातून घडवलं आणि उगाळलेलं औषध वाटीत नीट उतरावं म्हणून कडेला पन्हळ काढली. गोजरबाईंनी मला खामगावच्या बाजारातून आणलं ते आपल्या मुलाच्या, उत्तमरावांच्या, बाळघुटीसाठी. वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग; प्रत्येकाचे मोजके वळसे. पुढे साऱ्या गल्लीतली बाळं माझ्याच घुटीवर वाढली. मला त्याचा फार अभिमान वाटे.

उत्तमराव मोठे झाले आणि संग्रामपूरची पुष्पा सून होऊन आली. चेहरा नितळ, आणि पेटीत गोळ्यांचं एक पाकीट. लग्नाआधी तिच्या हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेनं ठणकणाऱ्या पुटकुळ्या येत. पाळी जवळ आली की जास्तच. विशी उलटली तरी त्या जाईनात. चंदन झालं, जायफळ झालं, मलमही झालं. शेवटी खामगावच्या एका डॉक्टरांनी ही गोळी दिली आणि काही महिन्यांत चेहरा निवळला.

पुष्पाला गोळी गिळता येत नसे, उमासे येत. म्हणून रोज दिवेलागणीला गोजरबाई ती माझ्यावर मधात उगाळत आणि सुनेला चाटवत. पाकीट संपलं की उत्तमराव जुनीच चिठ्ठी दुकानात दाखवून नवं आणत.

दोन वर्षं गेली. माझ्यावर घरच्या बाळाची घुटी उगाळायची वेळ काही येईना. गोजरबाईंनी वैदूकडून मूल होण्यासाठी मुळी आणली. सकाळी मुळी, संध्याकाळी गोळी. पुष्पानं सोमवार धरले. एके दिवशी गोजरबाईंची बहीण सोजराबाई सुनेच्या देखतच म्हणाली, "उत्तमची दुसरी करून टाक वं. नुसतं गोरं तोंड घेऊन काय चाटायचं?"

पुष्पा चुलीपुढे होती. चूल पेटली तरी ती फुंकणी फुंकतच राहिली.

गोजरबाई तांदूळ निवडत राहिल्या. बहिणीला त्या नाही म्हणाल्या नाहीत.

त्याच आठवड्यात दवाखान्याच्या नर्स सुभद्राबाई घरोघरी फिरत आमच्याकडे आल्या. गोजरबाई नेमक्या गोळी उगाळत होत्या. सुभद्राबाईंनी शेजारचं पाकीट उचललं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"वा गोजरबाई! गावात तुम्हीच पहिल्या. सासूच सुनेले पाळणा लांबवायची गोळी चारते!"

"पाळणा? कोनता पाळणा?"

"अवो, हे गोळी घेतली त लेकरू राहत नाही. मी सांगून सांगून थकली, कोणी घेऊन नाही राह्यलं. अन् तुम्ही त मधात देऊन राह्यल्या!"

गोजरबाईंचा हात माझ्यावरच थांबला. बोटाखाली अर्धी गोळी. मित्रांनो, मी जन्माची थंड, पण त्या क्षणी मलाही हुडहुडी भरली. ज्या घुटीची मी वाट पाहत होते, तीच मी रोज संध्याकाळी लांबवत होते!

"काव पुष्पे, तुले ठाऊक होतं?"

"नाही आत्याबाई! मले तोंडाची गोळी, एवढंच ठाऊक!"

सुभद्राबाई खाली बसल्या. "दोन्ही खरं हाये," त्या म्हणाल्या. "बाईच्या अंगात पुरुषी हार्मोन बी थोडं असते. त्यानं तोंडावर तेल सुटते, पुटकुळ्या येतात. हे गोळी त्याचा जोर कमी करते. अन् हेच गोळी बीज बी पिकू देत नाही. कूस काही बंद नाही झाली. गोळी बंद केली का बहुतेकींचं मंग ताळ्यावर येते. पन डॉक्टरनं सांगतलं नाही?"

सांगितलं होतं. पुष्पाच्या वडिलांना, अर्जुनरावांना बोलावून घेतलं, तेव्हा ते टोपी हातात फिरवत म्हणाले, "पोरगी बाहेर बसली होती. डॉक्टर मले म्हणे, हे गोळी घेतली त लेकरू राहत नाही, लग्न ठरलं का आधी येऊन भेटा. पन बाईच्या गोळीचं लेकीजवळ कसं बोलू?"

"लाज तुमची, अन् उपास माह्या सुनेले!" गोजरबाई कडाडल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "अन् चारली त म्याच."

त्या दिवशी त्यांनी मला राखेनं घासलं, कढत पाणी ओतलं आणि कोठीमागे पालथं टाकलं. माझा काय दोष? पण विचारणार कोणाला? अंधारात पडल्यापडल्या मी ऐकत राहिले. गोळी बंद झाली. मुळीही बंद झाली. पुष्पाच्या हनुवटीवर पुटकुळ्या परत आल्या. सोजराबाईनं नाक मुरडलं, "तोंड त पाय सुनेचं!"

"असू दे," गोजरबाई म्हणाल्या. "काय हाये ते दिसते तरी आता. अन् दुसरीची गोष्ट या घरात पुन्हा काढू नोको."

वर्ष उलटून गेल्यावर एका सकाळी मला उजेडात काढलं. माझ्यावर पाणी पडलं आणि मागून एक बारीकसं, रागावलेलं रडणं ऐकू आलं. उत्तमरावांची लेक! गोजरबाईंनी वेखंड हातात घेतलं आणि आधी बाळ-बाळंतिणीला पाहायला आलेल्या सुभद्राबाईंना विचारलं, "हे काऊन देतात? पोटात जाऊन काय करते?" मग पुष्पानंही न लाजता, सासूसमोरच, आपल्या तोंडाचं विचारलं. सुभद्राबाई म्हणाल्या, "लेकरू अंगावर पिते तोवर वरून लावायचं औषध. पुढं पाळणा लांबवायचा असला, त गोळीचं डॉक्टरसंग बोलू. तू स्वतः बोल पन."

मित्रांनो, गोळी वाईट नव्हती. ती आपलं काम चोख करत होती. मी दगड. माझ्यावर जे ठेवाल ते मी उगाळते. हे कशाचं, असं मला विचारता येत नाही. तुम्हाला येतं. लाज वाटली तरी विचारा. आणि काम झालं की मला स्वच्छ धुऊन उन्हात उभी करा. उद्याची घुटी आहे.