मधल्या रेघेवर

लव्हॉन हूकस्ट्रा शाळेत चार वर्षं बास्केटबॉल खेळली, पण तिने एकदाही बास्केटकडे चेंडू फेकला नव्हता. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मुलींचा खेळच तसा होता. संघात सहा जणी. तिघींनी मैदानाच्या एका अर्ध्यात फक्त गोल करायचे, तिघींनी दुसऱ्या अर्ध्यात फक्त अडवायचं, आणि मधली रेघ कुणीच ओलांडायची नाही. पोरींच्या नाजूक काळजाला सबंध मैदान झेपत नाही, असं कुणा शहाण्याने कधीकाळी ठरवून ठेवलं होतं. त्याच पोरी पहाटे उठून चाळीस गाईंच्या धारा काढत, ते मात्र काळजाला झेपत होतं.

लव्हॉन अडवणाऱ्यांतली. बायकांची व्यावसायिक लीग निघाली आणि सीडर रॅपिड्सच्या संघात तिची निवड झाली, तेव्हा सबंध मैदान कसं पळायचं हे तिला तेविसाव्या वर्षी शिकावं लागलं. पहिल्याच सामन्यात तिने चेंडू हिसकावला. समोर चिटपाखरू नव्हतं. तरी रेघेपाशी येऊन ती खुंटा ठोकल्यासारखी उभी राहिली. लोक हसले, पण त्यांत बायका जास्त होत्या आणि त्यांच्या हसण्यात माया होती. त्यांचेही पाय कधीतरी त्याच रेघेवर अडले होते.

दुसऱ्या दिवसापासून इव्हेटने तिला ताब्यात घेतलं. इव्हेट लुईझियानाची, संघात सर्वांत उंच, एक गुडघा दुखरा. रोज सकाळी सातला ती लव्हॉनच्या मागे शिव्या घालत धावायची आणि तिला शंभर वेळा रेघ ओलांडायला लावायची. दुसऱ्या वर्षी साऱ्या लीगमध्ये सर्वांत जास्त चेंडू हिसकावणारी म्हणून लव्हॉनचं नाव झालं. प्रेक्षागृहं भरत होती, शाळकरी पोरी केस तिच्यासारखे बांधू लागल्या होत्या.

तिसऱ्या वर्षी मालकांचा उत्साह आटला. त्यांना खेळ हवा होता कधी? त्यांना तमाशा हवा होता. संघाचा मालक वेंडेल क्रुग डुकरांचं खाद्य विकायचा, आणि बायका कशा विकाव्यात हेही आपल्याला कळतं असा त्याचा समज होता. त्याने संघातल्या अकराही जणींना डोक्यावर पुस्तकं ठेवून चालायला शिकवणाऱ्या वर्गात धाडलं. सामन्यात लिपस्टिक सक्तीची केली. घामाने ती हनुवटीपर्यंत ओघळायची. तरी खुर्च्या रिकाम्या होत गेल्या, आणि एकेका शहराचा संघ बंद पडू लागला.

१९८१च्या मार्चमध्ये क्रुगने लव्हॉनला एकटीला कचेरीत बोलावलं.

"पोरी, तुझं ते रेघेवर थांबणं आठवतं? काय हसले होते लोक. शनिवारी शिकागोहून टीव्हीवाले येतायत. एकदा थांब. अगदी मोक्याच्या वेळी."

"मला आता ओलांडता येते, मिस्टर क्रुग. फार कष्ट लागले त्याला."

"येत नाही असं दाखव. ते खूश झाले तर पुढचं वर्ष पक्कं. नाहीतर अकरा जणी घरी. आणि बोलू नकोस कुणाला, खरं वाटलं पाहिजे."

टेबलावरचं पितळी डुक्कर उचलून त्याच्या तोंडावर हाणावं असं तिला वाटलं. पण तिच्या डोळ्यांपुढे इव्हेट आली. इव्हेट एकोणतिसाची झाली होती, आणि लीग गेली तर तिला पुन्हा कोळंबी सोलायच्या कारखान्यात जावं लागणार होतं. लव्हॉन हो म्हणाली. आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायचा, तोही दुसऱ्याच्या भल्यासाठी, एवढं शहाणपण तिच्यात होतं.

शनिवारी शेवटच्या मिनिटाला संघ एका गुणाने मागे होता. लव्हॉनने चेंडू हिसकावला. पलीकडे बास्केटखाली इव्हेट एकटी, हात उंच करून उभी होती. लव्हॉन रेघेपाशी आली. या वेळी पाय थांबायला तयार नव्हते, तिने ते जबरदस्तीने थांबवले. प्रेक्षागृह खदाखदा हसलं. टीव्हीवाला कॅमेऱ्यामागे पोट धरून हसत होता. वेळ संपली, संघ हरला.

कपडे बदलायच्या खोलीत इव्हेटने तिला जवळ घेतलं. पायांना आठवण असते, रडू नकोस, उद्यापासून पुन्हा ओलांडू, असं ती म्हणत राहिली. लव्हॉनची जीभ रेटली नाही. दुसऱ्या सकाळी सातला इव्हेट खरंच हजर होती. लंगडत, शिव्या घालत ती मागे धावली, आणि लव्हॉन न जमल्याचं सोंग करत तिच्यापुढे धावली. रोज.

नऊ दिवसांनी लीग बंद झाली. क्रुगने दाराला कागद चिकटवला आणि निघून गेला. अकरा जणी शेवटचं एकत्र म्हणून कोपऱ्यावरच्या हॉटेलात सँडविचं खायला बसल्या होत्या, तेव्हा काउंटरवरच्या टीव्हीवर सहाच्या बातम्या लागल्या. तीन वर्षांचा खेळ, मोडलेली बोटं, बर्फातले बसचे प्रवास, सगळ्याचे मिळून त्यांनी आठ सेकंद दाखवले. लव्हॉन रेघेवर थांबलेली. मग क्रुग, चांगल्या कोटात, हसत सांगत होता की ती कल्पना त्याचीच होती, पोरीने छान वठवली.

संतापाने लव्हॉनचे कान तापले होते, आणि त्या संतापातला अर्धा तिचा तिच्यावरच होता.

"नऊ दिवस," इव्हेट म्हणाली. "या गुडघ्याने धावले मी तुझ्यामागे."

लव्हॉनने सगळं सांगितलं. टीव्हीवाले, पुढचं वर्ष, अकरा जणी, कोळंबीचा कारखाना.

"तुझ्यासाठी केलं गं मी."

इव्हेटने सँडविच खाली ठेवलं.

"माझ्यासाठी? मी हात वर करून चेंडू मागत होते."