टाका नसलेली अंगठी

झुबेदाला नाही म्हणायचं असलं की ती आधी गप्प बसायची, आणि ती गप्प बसली की तिची आई अख्तरुन्निसा धास्तावायची. त्या दिवशी पोरगी सकाळपासून गप्प होती. पुढ्यात सुपारीची रास, हातात सुरी, आणि सोललेल्या सुपाऱ्या टोपलीत अशा आपटत होत्या की शेजारची तैयबाखाला, जिला ढगांचा गडगडाटही दुसऱ्यांदा सांगावा लागे, तीसुद्धा विचारायला आली, "काय मोडला?"

मोडलं काही नव्हतं, पण मोडायला आलं होतं. आठ दिवसांपूर्वी दिघीचा करमअली तांडेल आपल्या धाकट्या मुलासाठी, नजमुद्दीनसाठी, झुबेदाचा हात मागायला श्रीवर्धनला येऊन गेला होता. तांडेल म्हणजे जहाजाचा म्होरक्या, आणि करमअलीची तर स्वतःची फत्तेमारी होती. ते मोठं शिडाचं जहाज मिठाची आणि कौलांची ने-आण करायचं आणि नजमुद्दीन त्यावरच राबायचा. झुबेदाचा बाप असाच दर्यावर्दी होता. तो जाऊन सहा वर्षं झाली होती, घरात पुरुष माणूस नव्हतं, आणि असं स्थळ चालून येणं म्हणजे नशीबच. झुबेदानं पडद्याच्या फटीतून नजमुद्दीनला पाहिलं होतं. रुंद पंजे, दोरानं सोललेले तळवे, आणि चहाची बशी तिच्या आईच्या हातून घेताना आधी उठून उभा राहिला तो. एवढंच पाहिलं, पण तिला तो आवडला. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

करमअलीनं हुंडा मागितला नाही. एकच गोष्ट सांगितली. "मंगनीला पोराला तोल्याची सोन्याची अंगठी व्हावी. मोठ्या दोघांना आली, याला बी आली पाहिजे. न्हाय तर लोक बोलतील, धाकटा सस्त्यात गेला."

आता यातली गंमत बघा. त्यांच्यात पुरुषानं सोनं घालायचं नाही, हे मोहल्ल्यातल्या कोंबड्यांनाही माहीत होतं. पण आफ्रिकेहून चार लोक पैसा घेऊन परतले आणि जावयाला सोन्याची अंगठी देण्याची टूम निघाली. अंगठी यायची, मुलाचा बाप ती सगळ्यांदेखत तळहातावर तोलायचा, लोक माशाअल्ला म्हणायचे, आणि अंगठी जी पेटीत जायची ती जायचीच. बोटात घालणं कुणाच्या नशिबी नव्हतं. त्या पेटीपायी कितीतरी आयांचे कान मोकळे झाले होते.

अख्तरुन्निसानंही ठरवून टाकलं होतं. तिच्या कानांत बुगड्या होत्या, तिच्या आईच्या. त्या मोडायच्या. त्या साली, म्हणजे एकोणीसशे एकतीसच्या अखेरीस, सोन्याचा भाव तोळ्याला बावीस रुपयांवरून अठ्ठावीसवर चढला होता आणि जो तो घरातलं सोनं काढून विकत होता. विकत घेणारे मात्र बोटावर मोजण्याइतके, आणि अख्तरुन्निसाला नेमकं आत्ताच तोळाभर सोनं लागत होतं.

"बुगड्या मोडायच्या न्हायत," झुबेदा शेवटी बोलली.

"मग काय शिंपल्याची अंगठी देतंस?"

"चांदीची देऊ. बाबांचा खंबायतचा अकीकचा खडा हाय ना पेटीत, तो बसवू. चांदी त्याला घालता येल. सोनं घालता येनार न्हाय."

"अगो, हात दाखवून अवलक्षण कशाला? तो तांडेल परत जाईल."

"गेला तर गेला," झुबेदा म्हणाली. पण हे म्हणताना तिनं मान खाली घातली. तो जाऊ नये असं तिला मनापासून वाटत होतं. पण आईचे भुंडे कान बघत दुसऱ्याच्या घरी जायचं, हे तिच्याच्यानं होणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तैयबाखालाला बरोबर घेऊन ती बाजारात दिनानाथ सोनाराकडे गेली. सुपारी सोलून साठवलेले चार रुपये पदरात होते, आणि दिघीहून विड्याच्या पुडीतून आलेला, नजमुद्दीनच्या बोटाच्या मापाचा दोरा.

दिनानाथ तरुणपणी सात वर्षं मुंबईला एका साहेबाच्या जवाहिराच्या दुकानात होता. त्यामुळे त्याला बोलायला कारण लागत नसे. हरिहरेश्वरला जाणाऱ्या यात्रेकरूला तांब्याचं वळं विकतानाही तो तांब्याची जन्मकुंडली सांगायचा. झुबेदानं चांदीची अंगठी म्हटल्यावर तो हसला नाही, उलट पुढे सरसावून बसला.

"यात कमीपणा कसला, बाय? रोम देशात जुन्या काळी वाग्दानाला लोखंडाची अंगठी देत. लोखंडाची! माझा साहेब सांगायचा. आणि हा अकीक," त्यानं तो तांबूस दगड उजेडात धरला, "हा खंबायतचा. असे दगड गलबतं भरभरून आपल्या चौलच्या बंदरात उतरायचे. व्यापारी त्यावर नाव कोरून घ्यायचे आणि कागदावर तोच शिक्का. तिरंदाज अंगठी अंगठ्यात घालायचे, धनुष्याची दोरी ओढायला. अंगठी आधी कामाची वस्तू, बाय. मिरवणं नंतर आलं."

"मग मला बी कामाचीच पायजे," झुबेदा म्हणाली.

दिनानाथनं दोरा घेतला, त्याची गाठ बघितली. "मुलगा काय करतो?"

"खलाशी हाय. फत्तेमारीवर."

दिनानाथनं दोरा खाली ठेवला. जरा वेळ तो काहीच बोलला नाही, आणि दिनानाथ बोलत नाही म्हणजे काहीतरी गंभीर आहे हे तैयबाखालालाही ऐकू न येता कळलं.

"सोनारानंच कान टोचावे म्हणतात, म्हणून सांगतो. दोर ओढणाऱ्यानं अंगठी घालू नये. शिडाचा दोर सुटला, अंगठीत अडकला, की अंगठी बोटाला घेऊन जाते. माझ्या बापानं एका तरुण तांडेलाला लग्नात सोन्याची अंगठी करून दिली होती. हौसेनं घालायचा. आठ महिन्यांनी ती अंगठी परत आली मोडीला. चेपलेली. बोट दर्यात राहिलं होतं."

"कोन होता?"

"नाव नको विचारू. गिऱ्हाईकाचं नाव सोनारानं सांगायचं नसतं."

सांगायची गरजही नव्हती. करमअलीनं बशी धरली तेव्हा झुबेदानं त्याचा डावा हात पाहिला होता. करंगळीशेजारचं बोट मुळापासून नव्हतं. मुशी माशानं तोडलं, असं तो स्वतः सांगायचा, आणि दिघीपासून बाणकोटपर्यंत त्या मुशीची गोष्ट पोरांना माहीत होती. झुबेदाला आता कळलं की मुशी कधी नव्हतीच. सोनं घातलं म्हणून दर्यानं बोट नेलं, असं लोकांनी म्हटलं असतं. ती लाज झाकायला माणसानं मासा शोधला होता.

तिला त्या क्षणी तांडेलाचा राग यायला हवा होता. आला नाही. तिच्या डोळ्यांपुढे नजमुद्दीनचे रुंद पंजे आले.

दुकानाच्या पायरीवर एक कोळीण बसली होती, पायातली जोडवी सैल करून घ्यायला आलेली. दिनानाथच्या हाताखालच्या कारागिरानं ती चिमट्यानं नुसती फाकवली. जोडव्याची दोन टोकं जोडलेली नसतात, त्यामुळे ते काम चुटकीसरशी झालं. झुबेदा ते बघत राहिली.

"दादा, अंगठी अशीच करा. मागून उघडी."

"जोडव्यासारखी? पुरुषाच्या बोटाला?"

"टाका मारून टोकं जोडू नका. दोरानं ओढली तर ती फाकून निघून गेली पायजे."

दिनानाथचं तोंड कडू झालं. "टाका न मारलेली अंगठी या दुकानातून गेलेली नाही. लोक म्हणतील, दिनानाथचा हात थरथरायला लागला."

"बोलू देत. मी सांगेन माझ्या सांगन्यावरून केली."

चार दिवसांनी अंगठी तयार झाली. दिनानाथनं अकीक असा बसवला होता की बघत राहावं. पण झुबेदानं ती बोटात घातली नाही. तिनं बरोबर आणलेली सुंभाची दोरी काढली, अंगठी लाकडी दांड्यावर चढवली, दोरी अडकवली आणि दांडा दिनानाथच्या हातात देऊन सगळा जोर लावून ओढली. अंगठी तसूभर फाकली नाही. दांडाच दिनानाथच्या हातून निसटला.

"जाड झाली. परत करा."

"पातळ केली तर टिकणार नाही!"

"टिकायला न्हाय पायजे. बोट टिकायला पायजे."

दुसरी फाकली, पण तिची टोकं टोकदार होती. त्यांनी दांड्याच्या लाकडावर ओरखडा काढला. झुबेदानं तो ओरखडा नुसता बोट ठेवून दाखवला. दिनानाथनं काही न बोलता अंगठी परत घेतली. तिसऱ्या वेळी त्यानं टोकं तांदळाच्या दाण्यासारखी गोल घासली होती, आणि दोरी झुबेदाच्या आधी त्यानंच ओढली. अंगठी अलगद उघडून दोरीबरोबर गेली. दांडा तसाच कोरा. दिनानाथ लहान पोरासारखा हसला. मजुरी त्यानं एकाच अंगठीची घेतली. "दोन माझ्या शिकण्याच्या," म्हणाला.

मंगनीच्या दिवशी ओटीवर दिघीचे पंधरा पुरुष बसले होते. बायका माजघरात पडद्यामागे होत्या. अख्तरुन्निसाच्या कानांत बुगड्या होत्या आणि चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. झुबेदाच्या मामानं रुमालाखाली झाकलेलं तबक करमअलीपुढे ठेवलं. करमअलीनं रुमाल उचलला, रिवाजाप्रमाणे अंगठी तळहातावर घेतली, आणि त्याचा हात तोलायचा थांबला. तोलण्यासारखं त्यात वजनच नव्हतं.

"चांदी," तो म्हणाला. मग त्यानं ती उलटी केली. "आनि ही फुटलेली हाय."

कुणीतरी वाकून पाहिलं. "फुटलेली न्हाय, तांडेल. हा जोडवा हाय. बायांच्या पायातला."

ओटीवर हसू पसरलं. नजमुद्दीनचे कान लाल झाले, तो खाली बघत राहिला. करमअली हसला नाही. त्यानं अंगठी तबकात परत ठेवली, आणि सगळ्यांना समजलं की आता तो उठणार.

पडद्यामागे झुबेदाच्या जिभेवर एक वाक्य तयार होतं. तुमचं बोट कशानं गेलं ते सांगा, एवढंच म्हटलं असतं तर एक घाव दोन तुकडे झाले असते. हसणारे सगळे गप्प झाले असते. पण मग त्या म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच पोरासमोर उघडं पाडावं लागलं असतं. ते तिनं गिळलं.

"तांडेलचाचा," ती पडद्याआडून बोलली. मंगनीत मुलीनं बोलायचं नसतं. तैयबाखालानं तिचा दंड धरला, तो तिनं सोडवला. "सोनाराची चूक न्हाय. मीच तशी करून घेतली. दर्यावर दोर अडकला तर अंगठी जाईल, बोट राहील. पेटीत ठेवायची असती तर सोन्याची केली असती. ही त्यांनी घालायची हाय."

हसू थांबलं. करमअलीनं पडद्याकडे पाहिलं, मग तबकाकडे. त्यानं अंगठी पुन्हा उचलली. उजव्या हाताच्या तर्जनीत ती चढवली, दुसऱ्या हाताचं बोट तिच्यात अडकवलं आणि झटका दिला. अंगठी उघडली आणि निघून चटईवर पडली. त्यानं आपलं बोट उलटसुलट करून पाहिलं. साधा ओरखडाही नव्हता. मग त्याचा डावा हात आपोआप वर आला, आणि तो त्या मोकळ्या जागेकडे बघत बसला.

नजमुद्दीननं खाली वाकून अंगठी उचलली.

"मुशी नव्हती," करमअली म्हणाला.

"काय बोललात, बाबा?"

"बोट मुशीनं न्हाय नेला. अंगठीनं नेला. सोन्याची होती, तुझ्या नानानं दिलेली. मी हौसेनं घातली." त्याचा आवाज घोगरा झाला होता, पण तो थांबला नाही. "तीस वर्षं खोटा बोललो. तुम्ही पोरं रोज दोर ओढता आनि मी तुम्हाला माशाची गोष्ट सांगतो."

त्यानं नजमुद्दीनच्या हातून अंगठी घेतली, काळजीनं चिमटीत दाबून तिची टोकं जवळ आणली, आणि स्वतः त्याच्या बोटात घातली. दोरानं जाड झालेल्या पेरावरून ती सहज गेली आणि मुळाशी बसली. नजमुद्दीननं मूठ वळली, उघडली, पुन्हा वळली. मग त्यानं पडद्याच्या दिशेनं एकदा पाहिलं. अख्तरुन्निसा तोंडाला पदर लावून रडत होती आणि बुगड्या हलत होत्या.

"पोरी," करमअलीनं हाक मारली.

"जी, चाचा."

"त्या सोनाराला सांग, अजून दोन करायच्या. मोठ्या दोघांची मापं मी धाडतो."

"माप नको," झुबेदा म्हणाली. "मागून उघडी असली की कुनाला बी बसते."